केराटोकोनसमध्ये कॉर्निया प्रत्यारोपण: निर्णयापासून शेवटचा टाका निघेपर्यंत

केराटोकोनस हा कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा, विकार असला तरी तो त्या पडद्याच्या सगळ्या थरांचा विकार नसतो. ही एक गोष्ट नीट ध्यानात घेतली की या शस्त्रक्रियेतील पुढचे जवळपास सगळे निर्णय उलगडत जातात. कॉर्नियाची सुमारे नव्वद टक्के जाडी ज्या मधल्या थराची असते तो स्ट्रोमा झिजून पातळ होतो, पुढे फुगत जातो आणि नजर वेडीवाकडी करतो. सर्वांत आतला एंडोथेलियम नावाचा एकपेशीय थर मात्र बहुधा निरोगी राहतो. कॉर्नियात झिरपणारे पाणी सतत उपसून तो स्वच्छ ठेवणे हे या पेशींचे काम असून, एकदा नष्ट झालेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी तयार होत नाहीत. पंचविशीतल्या रुग्णाच्या डोळ्यात अशा पेशी दर चौरस मिलिमीटरला साधारण अडीच ते तीन हजार असतात. त्या काढून दुसऱ्याच्या बसवायच्या, की त्या जागेवर राखून फक्त बिघडलेला स्ट्रोमा बदलायचा, हा या शस्त्रक्रियेतील मुख्य प्रश्न आहे.

ज्यांना डॉक्टरांनी ‘आता बुबुळ बदलावे लागेल’ असे सांगितले आहे, अशा कोल्हापूर परिसरातील रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. कॉर्नियाचे काम नुकतेच शिकू लागलेल्या डॉक्टरांनाही शस्त्रक्रियेच्या पायऱ्यांचा भाग उपयोगी पडेल, परंतु वाचन हे ज्येष्ठ शल्यचिकित्सकाच्या शेजारी बसून शिकण्याला पर्याय ठरत नाही.

प्रत्यारोपणाची वेळ खरोखर आली आहे का

केराटोकोनसच्या बहुसंख्य रुग्णांना आयुष्यात कधीही प्रत्यारोपण लागत नाही, हे सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. आजार साधारणपणे पौगंडावस्थेत सुरू होतो, वीस ते तीस या वयात वाढत जातो आणि पस्तिशी-चाळिशीपर्यंत बहुधा स्थिरावतो. तो वाढत असताना पकडला, तर रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण यांच्या साहाय्याने केलेले क्रॉस-लिंकिंग त्याला थोपवू शकते. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे विकसित झालेल्या मूळ पद्धतीत वरची त्वचा काढल्यानंतर कॉर्नियाची जाडी निदान ४०० मायक्रॉन असावी लागते आणि किरण ३० मिनिटे दिले जातात. या उपचाराने आजार बहुधा थांबतो. गेलेली नजर त्यातून मोठ्या प्रमाणात परत येईल अशी अपेक्षा ठेवू नये.

नजरेसाठी चष्मा, तो पुरेनासा झाला की कडक लेन्स आणि तीही बसेनाशी झाली की स्क्लेरल लेन्स, अशा क्रमाने जावे. स्क्लेरल लेन्स बुबुळाला न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते, त्यामुळे एके काळी थेट शस्त्रक्रियेच्या यादीत जाणारे कितीतरी डोळे आज या लेन्सवर उत्तम चालतात. ती महाग असते, घालण्या-काढण्याचा सराव लागतो आणि धुळीच्या कामात तिची काळजी घेणे कठीण जाते, हे खरे. तरीही ती एकदाही लावून न पाहता शस्त्रक्रियेला होकार देणे मला पटत नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणाऱ्या तरुणाला ती दिवसभर वापरणे जमणार नाही, हे मान्य. पण ते लावून पाहिल्यानंतर ठरवावे. कॉर्नियाच्या आत बसवायच्या कड्या हा आणखी एक मधला मार्ग आहे. त्या कृत्रिम असतात, तशाच दात्याच्या कॉर्नियापासूनही बनवता येतात, आणि ही दुसरी पद्धत चेन्नईच्या डॉ. सूसन जेकब यांनी पुढे आणली.

मग प्रत्यारोपण कोणासाठी? बुबुळाच्या मध्यभागी पांढरा डाग पडून लेन्स लावूनही दिसत नाही, कॉर्निया इतका टोकदार झाला आहे की कोणतीही लेन्स टिकत नाही, किंवा लेन्स सहनच होत नाही, अशा रुग्णांसाठी.

शस्त्रक्रिया ठरली तरी एका सवयीचा बंदोबस्त आधी करावा लागतो, आणि ती म्हणजे डोळे चोळणे. आपल्याकडे केराटोकोनसच्या अनेक रुग्णांना लहानपणापासून डोळ्यांची अॅलर्जी असते. गळीत हंगामात हवेत उडणारी चिपाडाची राख, उन्हाळ्यातील धूळ आणि जोतिबाच्या यात्रेतील गुलाल यांनी ती खाज वाढते, आणि रुग्ण मुठीने डोळे चोळत राहतो. अॅलर्जी आटोक्यात न आणता नवा कॉर्निया शिवला तर टाके लवकर सैल होतात, लाली राहते आणि शरीराने तो नाकारण्याचा धोका वाढतो. म्हणून अशा रुग्णाची शस्त्रक्रिया दोन-तीन महिने पुढे ढकलावी लागली तरी ढकलावी.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या

कॉर्नियाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी किंवा टोमोग्राफी, ठिकठिकाणची जाडी मोजणारी पॅकिमेट्री, थरांचे आडवे छेदचित्र देणारी ओसीटी आणि एंडोथेलियमच्या पेशींची मोजणी, एवढ्या तपासण्या आवश्यक असतात. कडक लेन्स वापरणाऱ्याने नकाशा काढण्यापूर्वी दोन ते चार आठवडे लेन्स बंद ठेवावी, कारण लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदललेला असतो. डोळ्याचा दाब, अश्रूंचे प्रमाण, पापण्यांची स्थिती, मोतीबिंदू आणि डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) यांचीही तपासणी व्हावी. लहानपणापासून एका डोळ्याने कमी दिसत असेल तर तो ‘आळशी’, म्हणजे लहानपणीच नजर नीट विकसित न झालेला, तर नाही ना, हे आधीच पाहावे. नाहीतर शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही नजर वाढत नाही आणि घरचे डॉक्टरांकडे संशयाने पाहू लागतात.

डॉक्टरांना एक प्रश्न न विसरता विचारावा: या डोळ्यात पूर्वी हायड्रॉप्स होऊन गेला आहे का? हायड्रॉप्समध्ये डेस्सेमेट नावाचा आतला पापुद्रा अचानक फाटतो, आतील पाणी कॉर्नियात शिरते आणि बुबुळ एका दिवसात पांढरे पडते. दुखते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. ही सूज बहुधा दोन ते चार महिन्यांत ओसरते, त्यामुळे पांढरे बुबुळ पाहून घाबरून लगेच प्रत्यारोपण करू नये. मात्र फाटलेल्या जागी व्रण राहतो, आणि पुढे कोणते तंत्र वापरता येईल हे बऱ्याच अंशी त्या व्रणावर अवलंबून असते.

डाल्क की पीके

पूर्ण जाडीचे प्रत्यारोपण, म्हणजे पेनिट्रेटिंग केराटोप्लास्टी, याला डॉक्टर मंडळी ‘पीके’ म्हणतात. त्यात रुग्णाच्या कॉर्नियाची मधली चकती सगळ्या थरांसह काढून तिथे दात्याची तशीच चकती शिवली जाते. माणसातील असे पहिले यशस्वी प्रत्यारोपण एडुआर्ड झिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी ओलोमौट्स (आजचे चेक प्रजासत्ताक) येथे केले. त्यानंतरच्या जवळजवळ संपूर्ण शतकात केराटोकोनससाठी हाच राजमार्ग होता. दुसरे तंत्र डीप अँटीरियर लॅमेलर केराटोप्लास्टी, म्हणजेच ‘डाल्क’. यात रुग्णाचा डेस्सेमेट आणि एंडोथेलियम जागेवर राखून त्यांच्यावरचा स्ट्रोमा तेवढा बदलला जातो.

डाल्कचा सर्वांत मोठा लाभ असा की एंडोथेलियम रुग्णाचा स्वतःचाच राहत असल्याने शरीराने तो नाकारण्याचा प्रश्नच उरत नाही. पीकेनंतर दात्याच्या पेशी नेहमीपेक्षा अधिक वेगाने कमी होत जातात. केराटोकोनसमध्ये पीकेचे निकाल चांगले असतात, मोठ्या नोंदींमध्ये दहा वर्षांपर्यंत साधारण नव्वद टक्के कॉर्निया स्वच्छ राहतात. पण पंचविशीत शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला पुढे आणखी चाळीस-पन्नास वर्षे काढायची असतात, आणि तिथे हा हिशेब बदलतो. स्टेरॉइडचे थेंबही डाल्कनंतर लवकर कमी करता येत असल्याने काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका कमी होतो. शिवाय शस्त्रक्रियेच्या वेळी डोळा पूर्ण उघडा पडत नाही.

कोल्हापुरात आणखी एका मुद्द्याला वेगळे वजन आहे. पीकेची जखम कधीही मूळच्या कॉर्नियाइतकी बळकट होत नाही. वीस वर्षांनंतरही ठोसा, चेंडू किंवा कोपर लागून ती उसवल्याची आणि डोळ्यातील भिंग बाहेर आल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात भरपूर आहेत. डाल्कमध्ये आतला पापुद्रा अखंड असल्याने मार लागला तरी नुकसान तुलनेने मर्यादित राहण्याची शक्यता असते. तालमीत लाल मातीवर घुमणारा पैलवान, पेठांच्या सामन्यांत फुटबॉल खेळणारा मुलगा किंवा गोठ्यात जनावरांच्या शिंगांजवळ वावरणारा शेतकरी समोर असेल, तर डाल्क करता येण्यासारखी असताना पीकेकडे वळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कुस्ती मात्र दोन्ही शस्त्रक्रियांनंतर सोडावी लागते. हे वस्तादांना घरच्यांनी नव्हे, डॉक्टरांनी समक्ष सांगितलेले बरे.

डाल्कच्या मर्यादाही आहेत. ती अधिक वेळ खाणारी आणि कौशल्याची आहे, आतला पापुद्रा फाटून ऐन वेळी पीके करावी लागू शकते, आणि दोन थरांमधील सांधा स्वच्छ राहिला नाही तर नजर किंचित धूसर राहते. हवेच्या फुग्याने (हे तंत्र पुढे सांगितले आहे) पापुद्रा पूर्ण मोकळा झाला असेल, तर दोन्ही तंत्रांनी मिळणारी नजर जवळपास सारखी असते. हायड्रॉप्सचा खोल व्रण असेल किंवा एंडोथेलियमच खराब असेल, तर पीके हाच योग्य मार्ग ठरतो.

दात्याचा कॉर्निया

भारतात नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते. नेत्रपेढीत दात्याच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी व सी आणि सिफिलिससाठी तपासणी होते, पेशी मोजल्या जातात आणि कॉर्निया द्रावणात थंड ठेवला जातो. एमके द्रावणात तो साधारण चार दिवस, तर मदुराईच्या ऑरोलॅबच्या कॉर्निसॉलसारख्या द्रावणात चौदा दिवसांपर्यंत टिकतो. रक्तगट जुळवण्याची गरज सहसा नसते. दाता कोण हे रुग्णाला सांगितले जात नाही, आणि १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. नेत्रपेढी प्रक्रियेचा खर्च आकारू शकते, पण ‘कॉर्नियाची किंमत’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर तिथून उठावे.

डाल्कसाठी दात्याच्या एंडोथेलियमची गरज नसल्याने कमी पेशींचा कॉर्नियाही चालतो, आणि देशातील तुटवडा पाहता हा मोठाच फायदा आहे. तरीही त्या दिवशी शस्त्रक्रियागृहात चांगल्या पेशींचा कॉर्निया हाताशी असावा, कारण ऐन वेळी पीके करण्याची पाळी आली तर नेत्रपेढीकडून दुसरा मागवायला वेळ नसतो.

डाल्क: मोठ्या फुग्याचे तंत्र

हे तंत्र मोहम्मद अन्वर आणि क्लाउस टाइखमान यांनी २००२ मध्ये मांडले. स्ट्रोमात खोलवर हवा सोडून त्याचा मागचा भाग आतल्या पापुद्र्यापासून फुग्यासारखा सोडवायचा, ही त्यामागची कल्पना आहे.

पहिली पायरी भुलीची. डोळ्याभोवती इंजेक्शन देऊन बहुतेक प्रौढांचे काम भागते. लहान मुले, अतिशय घाबरणारे किंवा मान-डोके स्थिर न ठेवू शकणारे रुग्ण यांना पूर्ण भूल द्यावी. डोळा स्वच्छ करून, पापण्या बाजूला धरून बुबुळाचे केंद्र शाईने खुणावले जाते. केराटोकोनसमध्ये कॉर्नियाचा पुढे फुगलेला सुळका बहुधा केंद्राच्या खाली सरकलेला असतो, म्हणून चकती सुळक्याला पूर्ण कवेत घेईल आणि तरीही कॉर्नियाच्या कडेला जास्त जवळ जाणार नाही, असा व्यास निवडावा लागतो. तो साधारण ७.५ ते ८.५ मिलिमीटर असतो.

मग निर्वात पकड असलेल्या ट्रेफाइनने, म्हणजे वर्तुळाकार पात्याने, कॉर्नियात अर्धवट खोलीचा गोल छेद घेतात. छेद घेण्याच्या जागेवरची जाडी आधी मोजून त्याच्या साधारण साठ ते ऐंशी टक्के खोली ठरवावी. उथळ छेदातून हवा वरच्याच थरांत पसरते. फार खोल गेल्यास डोळ्याच्या आत शिरण्याचा धोका असतो.

छेदाच्या तळातून २७ किंवा ३० गेजची वाकवलेली सुई, तिचे तोंड खाली ठेवून, केंद्राच्या दिशेने तीन-चार मिलिमीटर सरकवतात. सुई जितकी डेस्सेमेटच्या जवळ, तितकी फुगा बनण्याची शक्यता अधिक. पण तो फाटण्याची भीतीही तितकीच, म्हणून सुईऐवजी कॅन्युला, म्हणजे बोथट नळी, वापरणेही अनेकांना सुरक्षित वाटते. सुळक्याच्या सर्वांत पातळ जागेखाली सुई कधीही नेऊ नये. आता सिरिंजमधून हवा ठामपणे पण एकसारख्या दाबाने सोडायची. स्ट्रोमा पांढरा पडत जातो, हाताला विरोध जाणवतो आणि मग तो विरोध अचानक सैल होऊन मध्यभागी गोल, ठळक कडेचा फुगा दिसू लागतो. तो कडेपर्यंत आला की थांबायचे; हौसेने जास्त हवा भरू नये.

फुगा कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखणे इथे फार महत्त्वाचे आहे. पहिल्या प्रकारचा फुगा केंद्रातून बाहेर पसरतो, साधारण आठ-साडेआठ मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या भिंतीत डेस्सेमेटबरोबर त्यापुढील एक चिवट थरही असतो. हा सुमारे दहा मायक्रॉन जाडीचा थर हरमिंदर दुआ यांनी २०१३ मध्ये वर्णन केला. दुसऱ्या प्रकारचा फुगा बहुधा कडेपासून सुरू होतो, दहा मिलिमीटरहूनही मोठा होऊ शकतो आणि त्याच्या भिंतीत एकटा नाजूक डेस्सेमेट असतो. पहिला प्रकार असेल तर आत्मविश्वासाने पुढे जावे. दुसरा असेल तर पुढची प्रत्येक पायरी दुप्पट सावधपणे करावी. दोन्ही एकाच वेळी बनल्याचेही दिसते.

पांढऱ्या पडलेल्या स्ट्रोमामुळे फुगा झाला की नाही हे नेहमी डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी बाजूला बारीक छेद देऊन डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात हवेचा एक छोटा बुडबुडा सोडतात. मोठा फुगा बनला असेल तर मधला भाग मागे झुकलेला असल्याने हा छोटा बुडबुडा केंद्रात थांबत नाही, कडेला सरकतो. तो मध्यभागीच राहिला तर फुगा झालेला नाही.

यानंतर वरचा साधारण अर्धा-पाऊण स्ट्रोमा चंद्रकोरी पात्याने सपाट सोलून काढतात. मग बाजूच्या छेदातून थोडे पाणी सोडून डोळ्याचा दाब उतरवतात, उरलेल्या स्ट्रोमावर चिकट जेल पसरतात आणि टोकदार पात्याने फुग्याच्या छतात एक झटपट छेद देतात. अन्वर यांच्या पद्धतीत याला ‘धाडसी छेद’ म्हणतात, पण खरे धाडस जेलमुळे आटोक्यात राहते. ते हवा एकदम सुटू देत नाही, त्यामुळे आतला पापुद्रा उसळून पात्याला लागत नाही. त्या छिद्रातून जेल भरून पोकळी जपायची, बोथट टोकाच्या कात्रीने छताचे चार तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा कडेला कापून घ्यायचा. खाली जे उरते ते विलक्षण स्वच्छ, गुळगुळीत आणि पारदर्शक असते. ते पाहण्यासाठी तरी नव्या डॉक्टरांनी एकदा सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या भिंगातून डोकवावे.

फुगा बनला नाही, किंवा पापुद्रा फाटला तर

फुगा प्रत्येक डोळ्यात बनत नाही, सरावलेल्या हातांकडूनही नाही. तेव्हा वेगळ्या जागेतून आणखी एकदा प्रयत्न करता येतो, किंवा थर एकामागून एक हाताने सोलत खोलवर जाता येते. नेदरलँड्सचे शल्यचिकित्सक मेलेस यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पुढच्या कप्प्यात हवा भरतात, त्यामुळे अवजाराच्या टोकाची प्रतिमा हवेच्या पृष्ठभागावर उमटते आणि अजून किती स्ट्रोमा शिल्लक आहे याचा अंदाज येतो. ही पद्धत संथ आहे, पण हायड्रॉप्सचा जुना व्रण असलेल्या डोळ्यात बहुतेकदा तीच शहाणपणाची. तिथे फुगा बनवायला गेले की व्रणाच्या जागी पापुद्रा फाटण्याची भीती असते. उरलेला थर एकसारखा आणि पातळ नसेल तर नजर काहीशी कमी मिळते.

लहानसे छिद्र पडले तर घाबरून पीकेकडे वळू नये. कप्प्यात हवा भरून छिद्र मिटवावे, त्या जागेवरचे काम शेवटपर्यंत टाळावे आणि बाकीचा भाग पूर्ण करावा. फाट मोठी असेल आणि पुढचा कप्पा भरलेलाच राहत नसेल, तर वेळ न दवडता पीके करावी. यासाठीच संमतीपत्रात दोन्ही शस्त्रक्रियांचा उल्लेख असतो, आणि सही करण्यापूर्वी रुग्णाने तो वाचावा.

फाट नाही हे निश्चित झाल्यावरच दात्याच्या कॉर्नियाचा आतला पापुद्रा ट्रिपॅन ब्लू या निळ्या रंगाने रंगवून चिमट्याने सोलून काढतात. घाईने आधीच सोलला, तर पीकेसाठी राखलेला कॉर्निया हातचा जातो. दात्याची चकती रुग्णाच्या छेदाएवढी किंवा पाव मिलिमीटर मोठी कापतात. केराटोकोनसमध्ये नंतर वजा नंबर जास्त राहू नये म्हणून अनेक शल्यचिकित्सक सारखाच व्यास पसंत करतात.

पीके थोडक्यात

पीकेत डोळ्याचा दाब आधी उतरवणे अत्यावश्यक असते, त्यासाठी शिरेतून मॅनिटॉल देतात, आणि भिंगाला इजा होऊ नये म्हणून बाहुली आकुंचित करणारे थेंब घालतात. दात्याची चकती आधी कापून तयार ठेवतात. रुग्णाचा कॉर्निया काढल्यावर डोळा जितका कमी वेळ उघडा राहील तितके चांगले, कारण या मिनिटांत डोळ्याच्या मागच्या भागात रक्तस्राव होणे हा दुर्मीळ पण भयंकर धोका असतो. ट्रेफाइनने खोल छेद, कप्प्यात प्रवेश, चिकट जेल, उजव्या-डाव्या कात्रीने उरलेली कड कापणे आणि दात्याची चकती बसवणे, असा क्रम असतो. काही ठिकाणी फेम्टोसेकंद लेझरने पायऱ्या-पायऱ्यांच्या आकाराची कड कापून जोड अधिक घट्ट बसवला जातो, पण खर्च वाढतो आणि टाके तरीही लागतातच.

केराटोकोनसमध्ये पीकेनंतर क्वचित बाहुली विस्फारून तशीच राहते. डाल्कमध्ये वायू भरल्यावरही असे झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून शस्त्रक्रियेनंतर डोळ्याचा दाब वाढू न देणे आणि बाहुली मोठी करणारी तीव्र औषधे गरजेशिवाय न वापरणे महत्त्वाचे आहे.

टाके

दोन्ही तंत्रांत १०-० नायलॉनचा दोरा वापरतात. घड्याळाच्या तबकडीप्रमाणे १२, ६, ३ आणि ९ या जागांवर पहिले चार टाके घातले जातात, आणि त्यांपैकी ६ वाजताचा दुसरा टाका सर्वांत निर्णायक, कारण चकतीचा तोल तोच ठरवतो. त्यानंतर बहुधा एकूण सोळा सुटे टाके येतात. काही जण सुटे आणि सलग असे दोन्ही मिळून घालतात. अॅलर्जी असेल, कॉर्नियात रक्तवाहिन्या शिरल्या असतील किंवा रुग्ण वेळेवर येईल याची खात्री नसेल तर सुटे टाकेच घालावेत, म्हणजे एखादा सैल झाला तर तेवढाच काढता येतो. गाठी आत वळवून दडवतात, नाहीतर पापणी मिटताना त्या टोचतात.

पहिले आठवडे आणि कोल्हापुरातले जगणे

दुसऱ्या दिवशी पट्टी काढून तपासणी होते. डाल्कमध्ये दोन थरांमध्ये पाणी साचून पापुद्रा सुटलेला दिसला, तर पुढच्या कप्प्यात हवा किंवा वायू भरून तो परत चिकटवतात. हे ऐकून शस्त्रक्रिया फसली असे समजू नये.

प्रतिजैविक थेंब काही आठवडे आणि स्टेरॉइडचे थेंब काही महिने चालतात. पीकेनंतर ते वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ, हळूहळू कमी करत, घालावे लागतात. डाल्कनंतर बहुधा काही महिन्यांत थांबवता येतात. ते आपण होऊन बंद करू नयेत, तसेच डॉक्टरांना न दाखवता औषधाच्या दुकानातून आणून पुढे चालूही ठेवू नयेत, कारण डोळ्याचा दाब गुपचूप वाढतो आणि दुखत नाही म्हणून कळत नाही.

रात्री डोळ्यावर कडक कवच, दिवसा बाजूंनीही झाकणारा चष्मा, डोक्यावरून अंघोळ नाही, डोळा चोळणे नाही. रंकाळा, पंचगंगा किंवा विहिरीत पोहणे निदान काही महिने बंद. रंगपंचमी आणि जोतिबाचा गुलाल यांपासून पहिले वर्ष तरी लांब राहावे. उसाच्या फडात तर विशेष जपावे: पाचटाच्या पातीची धार डोळ्याला लागून बुरशीचा संसर्ग होतो हे आपल्या भागातील डोळ्यांच्या डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे, आणि टाके असलेल्या, स्टेरॉइड चालू असलेल्या डोळ्यात असा संसर्ग प्रत्यारोपण संपवू शकतो. म्हणूनच ऊसतोडीच्या ऐन हंगामाच्या तोंडावर शेतकऱ्याची शस्त्रक्रिया ठरवू नये.

शस्त्रक्रिया पुणे, हैदराबाद किंवा मदुराईसारख्या दूरच्या शहरात झाली असेल, तर पुढची देखरेख कोल्हापुरात कोण करणार हे निघण्यापूर्वीच ठरवावे. घरी परतताना कागदावर तंत्राचे नाव, फुगा बनला की हाताने सोलले, चकतीचा व्यास, टाक्यांची संख्या आणि थेंबांचे वेळापत्रक लिहून घ्यावे. सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाच्या नेत्रविभागात किंवा खासगी डॉक्टरांकडे, कुठेही अचानक जावे लागले तरी हा कागद निम्मे काम करतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, याची चौकशी तारीख ठरवण्याआधी संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्रांकडे करावी. शस्त्रक्रिया झाल्यानंतर मंजुरी मिळवणे अवघड जाते.

लाल डोळा थांबून राहत नाही

लाली, दुखणे, उजेड सहन न होणे आणि नजर धूसर होणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडे जावे. कॉर्निया नाकारण्याची प्रक्रिया वेळेवर पकडली तर स्टेरॉइडच्या भरपूर थेंबांनी बहुधा उलटवता येते, उशीर झाला तर पीकेतील पेशी कायमच्या जातात. डाल्कमध्ये एंडोथेलियम सुरक्षित असला तरी स्ट्रोमाचा नकार होऊ शकतो आणि टाका सैल होऊन संसर्गही होऊ शकतो, त्यामुळे ‘आपली डाल्क आहे, काही होत नाही’ या समजात राहू नये. चंदगड किंवा शाहूवाडीच्या टोकाच्या गावातून कोल्हापुरात यायचे म्हणजे दिवस मोडतो, हे ठाऊक आहे. पण ‘उसाचे बिल जमा झाले की जाऊ’ म्हणून घालवलेला आठवडा डोळ्याला परवडत नाही. फोनवर डोळ्याचा स्पष्ट फोटो पाठवून विचारणे हा आता चांगला पहिला टप्पा आहे, तो तपासणीला पर्याय नव्हे.

टाके काढणे आणि अखेरचा नंबर

टाके घट्ट असेपर्यंत सिलिंडरचा, म्हणजे कॉर्नियाच्या असमान वक्रतेमुळे लागणारा, नंबर जास्त असतो आणि दर तपासणीला तो बदलत राहतो. या काळात महागडा चष्मा करू नये. डाल्कनंतर साधारण सहा महिन्यांपासून आणि पीकेनंतर साधारण वर्षभराने, नकाशा पाहून जिथे जास्त ताण आहे तेथील टाके निवडून काढतात. सैल किंवा तुटलेला टाका मात्र केव्हाही लगेच काढावा. सगळे टाके निघायला दीड-दोन वर्षे लागू शकतात, आणि प्रत्येक वेळी टाका काढल्यावर प्रतिजैविक व स्टेरॉइड थेंब पुन्हा काही दिवस घालावे लागतात.

शेवटी तीन ते पाच डायॉप्टरचा सिलिंडर नंबर राहणे अगदी सामान्य आहे. तो चष्म्याने भागला तर उत्तम, नाहीतर कडक किंवा स्क्लेरल लेन्स लागते. शस्त्रक्रियेआधी जी लेन्स बसत नव्हती ती आता नव्या, नियमित आकाराच्या कॉर्नियावर बसते, हाच अनेकांसाठी प्रत्यारोपणाचा खरा लाभ असतो. म्हणून ‘ऑपरेशननंतर चष्मा जाईल का’ या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांकडून आधीच स्पष्ट करून घ्यावे. नंबर फारच जास्त राहिला, तर सर्व टाके निघून नकाशा काही महिने स्थिर राहिल्यावर जोडाच्या कडेला ताण कमी करणारे छेद घेता येतात, किंवा मोतीबिंदू असेल तर सिलिंडर नंबरही भरून काढणारे टोरिक भिंग बसवता येते.

या सगळ्या काळात दुसऱ्या डोळ्याकडे दुर्लक्ष होऊ नये. केराटोकोनस बहुधा दोन्ही डोळ्यांत असतो, म्हणून त्याचा नकाशा दर सहा महिन्यांनी काढावा आणि तो वाढताना दिसला तर क्रॉस-लिंकिंग लगेच करून घ्यावे. घरातील धाकट्या भावंडांचे डोळेही, विशेषतः त्यांचा सिलिंडर नंबर वरचेवर वाढत असेल किंवा ती सतत डोळे चोळत असतील तर, एकदा टोपोग्राफीवर तपासून घ्यावेत.